डिटॉक्स राहू दे, आधी टपरीचं बोल!

कॅन्सर टाळायचा म्हणून सकाळी हळद-लिंबाचं पाणी आणि लेक्चर संपलं की थेट टपरी! मोबाइलवर फिरणाऱ्या सल्ल्यांमध्ये नक्की काय राहून जातंय आणि विशीत खरोखर आपल्या हातात काय आहे, त्याविषयी...

मुकेश आठवतोय ना? पिक्चर सुरू व्हायच्या आधी, पॉपकॉर्नचा पहिला घास तोंडात असताना पडद्यावर येणारा तो हडकुळा मुलगा. फक्त एक वर्ष गुटखा खाल्ला, असं सांगणारा. आपल्या पिढीने त्याची किती नक्कल केली असेल! शाळेच्या बसमध्ये, गॅदरिंगला, नंतर मीम्समध्ये. तो पडद्यावर आला की मागच्या रांगेतलं कुणीतरी त्याच्या आधीच त्याचं वाक्य म्हणायचं आणि अख्खं थिएटर हसायचं.

मुकेश आपल्या भुसावळचा होता. २००९ मध्ये तो गेला तेव्हा त्याचं वय होतं २४. मी आता २२ वर्षांची आहे. म्हणजे कॉलेजच्या हिशोबात तो माझा सुपर सीनियर. लहानपणी तो मला 'एक काका' वाटायचा. जाहिरातीतली माणसं आपल्यापेक्षा मोठीच असतात, असं तेव्हा वाटतं. आता ती क्लिप पुन्हा बघितली तर आपल्याच वर्गातला शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा वाटतो.

पुरवणीसाठी 'कॅन्सरचा धोका कमी करणाऱ्या रोजच्या सवयी' हा विषय हातात आला तेव्हा सगळे करतात तेच मी केलं. मोबाइल उघडला. अर्ध्या तासात भरपूर ज्ञान मिळालं. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात हळद आणि लिंबू. मायक्रोवेव्ह घराबाहेर काढा. डिओ वापरू नका. गाडीत तापलेल्या बाटलीतलं पाणी पिऊ नका. एका काकूंच्या मते तर सगळ्याचं मूळ रिफाइंड तेलात आहे. शेवटी सगळे स्क्रीनशॉट एकत्र ठेवून पाहिले. त्यात सुपारी हा शब्द एकदाही नव्हता. तंबाखू होती, पण तळाशी, 'व्यसनांपासून दूर राहा' अशा गुळमुळीत ओळीत. हा क्रमच उलटा आहे, आणि निदान महाराष्ट्रात तरी तो असा असून चालणार नाही.

यादी कुणाची खरी?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, कॅन्सरच्या एकूण केसेसपैकी ३० ते ५० टक्के टाळता येण्यासारख्या असतात. हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचायला हवं. निम्म्यापर्यंत टाळता येतात, ही मोठीच गोष्ट झाली. पण याचा अर्थ असाही की, उरलेल्यांचा कुठल्याही सवयीशी थेट संबंध लावता येत नाही. लहान मुलांना कॅन्सर होतो तेव्हा त्यांनी कुठली लाइफस्टाइल चुकवलेली असते? आपल्याकडे मात्र कुणाला कॅन्सर झाला की भेटायला आलेले नातेवाईक चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "काय खाण्यात आलं होतं का?" आमच्या सोसायटीतल्या एका मावशींना स्तनाचा कॅन्सर झाला. केमोपेक्षा या प्रश्नाला उत्तर देऊन त्या जास्त थकल्या, असं त्यांची मुलगी सांगायची. सवयींमुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. तेव्हा हा लेख वाचून आजारी माणसाला उपदेश करायला कुणी जाऊ नये, प्लीज.

आता प्रश्न यादीचा. फ्रान्समधल्या लिऑं शहरात 'आयएआरसी' नावाची संस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेचीच ती कॅन्सर संशोधनाची शाखा. कशाने कॅन्सर होतो याचे पुरावे तपासून ती गोष्टींना गट देते. गट एक म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं. दोन-ए म्हणजे बहुधा होत असावा. दोन-बी म्हणजे शक्यता आहे, पण पुरावा तोकडा. सोशल मीडियावर खरी गंमत इथेच होते. गट पुराव्याचा पक्केपणा सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस गट एकमध्ये गेलं, तेव्हा 'सलामी सिगारेटइतकीच घातक' अशा पोस्ट फिरल्या. दोन्ही एकाच गटात आहेत, पण सिगारेटने होणारं नुकसान कितीतरी पट मोठं आहे. डाएट कोल्ड्रिंकमधलं अस्पार्टेम २०२३ मध्ये दोन-बीमध्ये गेलं तेव्हाही असाच गोंधळ उडाला.

डिओमुळे स्तनाचा कॅन्सर होतो, याला ठोस पुरावा मिळालेला नाही. मायक्रोवेव्ह अन्न गरम करतो, अन्नाला किरणोत्सारी करत नाही. हळद आपल्या भाजीत रोज असतेच, तिच्याशी कुणाचं भांडण नाही. पण सकाळी हळदीचं पाणी प्यायलं म्हणून दुपारचा मावा माफ होत नाही.

आणि आपली सुपारी? ती गट एकमध्ये आहे. तंबाखू घातलेली नव्हे, नुसती सुपारी. आयएआरसीच्या तज्ज्ञांनी २००३ मध्येच तसा निर्णय दिला. तेव्हा आपल्यातले बरेच जण जन्मायचे होते किंवा पाळण्यात होते.

पाणीपुरी तोंडात जाईना

तंबाखू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिगारेट येते, कारण पिक्चरमध्ये हिरो तीच ओढतो. महाराष्ट्राचे आकडे वेगळंच सांगतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातल्या १५ वर्षांवरच्या लोकांपैकी २४.४ टक्के लोक धूर न काढता तंबाखू घेत होते. म्हणजे चघळून, मळून, दाताला लावून. बिडी-सिगारेट ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. आपल्याकडची तंबाखू फुप्फुसात कमी आणि गालात जास्त. कुठे मावा, विदर्भात खर्रा, शेतावर चुना लावून मळलेली चिमूट, आणि कितीतरी आज्यांच्या फडताळात मिश्रीची डबी. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे, तो उगीच नाही.

माझा एक मित्र यवतमाळकडचा. पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, वय २१. अकरावीपासून तो सुगंधी सुपारी खातो. सबमिशनच्या दिवसांत दिवसाला सात-आठ पुड्या. खर्राही खायचा, पण 'कधीमधी'. कुणी टोकलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही होत बे, यात तंबाखू नाही, साधी सुपारी आहे." मागच्या वर्षी त्याने मिसळ खाणं बंद केलं. झोंबते म्हणाला. विदर्भातल्या माणसाला पुण्याची मिसळ झोंबते, यावर आम्ही महिनाभर त्याची टर उडवली. मग एकदा पाणीपुरी खायला गेलो. आख्खी पुरी त्याच्या तोंडात जाईना. तो हसत हसत ती फोडून खात होता आणि पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. पुढच्या आठवड्यात डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेला. त्याचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

या आजाराचं नाव लांबलचक आहे. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. होतं ते असं : सुपारीतली अरेकोलिनसारखी रसायनं गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजन नावाचा धागा जास्त बनवायला लावतात आणि तो मोडून साफ व्हायची क्रियाही मंदावते. सुपारीत तांब्याचं प्रमाणही बरंच असतं, त्याने हे धागे आणखी घट्ट विणले जातात. त्यात सुपारीचे टोकदार तुकडे गालाला सतत ओरखडत असतात. चुना या सगळ्याला शोषून घ्यायला मदत करतो. मऊ, ओला गाल हळूहळू चामड्यासारखा ताठ होतो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाची आतली बाजू पांढुरकी दिसते, मग जबडा उघडत नाही. सुपारी थांबवली, व्यायाम आणि औषधं केली तर फरक पडतो. पण एकदा विणलं गेलेलं हे जाळं आपोआप उसवत नाही. आणि असं तोंड असलेल्या माणसाला पुढे कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

वाचता वाचता एक करून बघा. आपल्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकत्र उभी धरा आणि पुढच्या दातांच्या मधून आत जातात का पाहा. सहज गेली तर उत्तम. जात नसतील आणि सुपारीची सवय असेल, तर या आठवड्यात दंतवैद्याकडे जा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, खरवडूनही न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, यांसाठीही हेच. अशा चट्ट्याच्या टप्प्यावर सापडलं तर बऱ्याचदा कॅन्सरपर्यंत गोष्ट जातच नाही. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून महिन्यातून एकदा गालाच्या आत बघायला दोन मिनिटं लागतात. सेल्फीला त्याहून जास्त लागतात.

हे सगळं नवीन संशोधन आहे असं समजू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी साठच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये फिरले होते. त्यांनी थोडीथोडकी नव्हे, तर १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. माझे आजोबा तेव्हा माझ्या वयाचे असतील. पन्नास वर्षं ही माहिती आपल्याकडे आहे. तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. आबा पाटलांसारखा माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेला. शरद पवारांनी याच आजाराशी झुंज दिली आणि ही सवय वेळीच सोडली नाही, याची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. ज्यांच्याभोवती डॉक्टर, सल्लागार आणि पैसा सगळं होतं, त्यांची ही गोष्ट.

सव्वाशे पावलं

२००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सांगतो की, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही ते विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, साधारण सव्वाशे पावलं. मी आमच्या कॉलेजच्या गेटपासून चालत मोजली. चाळिसाव्या पावलाला पहिली टपरी, त्याच्या समोर दुसरी, नव्वदीच्या आसपास तिसरी. तिन्ही ठिकाणी 'आतून' सगळं मिळतं. गेटवर 'तंबाखूमुक्त परिसर' असा फलक आहे, त्याच्या खालच्या कोपऱ्यात पिचकारीचा डाग आहे. तुम्हीही तुमच्या गेटपासून मोजा आणि एनएसएसच्या सरांना आकडा सांगा. पथनाट्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं होईल, असं माझं मत.

गुटख्यावर तर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. त्यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा टपरीवर लटकलेला दिसतो. एक पुडी मसाल्याची, तिच्याशेजारी एक तंबाखूची. गिऱ्हाईक दोन्ही घेतं आणि तळहातावर गुटखा तयार! वर मोठमोठे स्टार टीव्हीवर 'इलायची' खाताना दिसतात. इलायचीची जाहिरात करायला इतके पैसे कुणी का ओतेल, हा प्रश्न मास कॉमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुटतो. नाव लक्षात राहिलं की काम झालं.

बंदी कागदावर राहते हे खरं. पण गडचिरोलीत वेगळं काहीतरी चाललंय. तिथे २०१६ पासून डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम चालवला. त्यात गावागावांतल्या बायकांनी आणि ग्रामसभांनी एकत्र येऊन गावात खर्रा विकायचा नाही, असे ठराव केले. पोलिसांची वाट न बघता. एखाद्या हॉस्टेलच्या मजल्यावर असा ठराव का होऊ नये? मेसमध्ये पनीर आठवड्यातून किती वेळा हवं, यावर आपण मीटिंग घेतोच की.

तिशीच्या आत

सोडणं सोपं नाही. 'मनावर घेतलं की सुटतं' म्हणणाऱ्या माणसाने बहुधा कधी काही सोडलेलं नसतं. निकोटीन मेंदूला सवय लावतं. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. माझ्या त्या मित्राचा अनुभव आणखी एक सांगतो. त्याला सुपारीपेक्षा टपरी सोडणं जड गेलं. अकराचा ब्रेक, कटिंग, कुणाचं ब्रेकअप, कुणाचं प्लेसमेंट, सगळं तिथेच. टपरीवर गेलं की हात आपोआप पुढे व्हायचा. शेवटी त्याच्या ग्रुपने अकराचा चहा कॅन्टीनला हलवला. चहा भिकार आहे, पण तिथे पुड्या लटकत नाहीत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे काम निकोटीनच्या च्युइंगमपेक्षा जास्त झालं.

विशीतच हे का करायचं? ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या सिगारेटच्या सवयींचा पाठपुरावा केला, तोही तब्बल ५० वर्षं. २००४ मध्ये त्यांनी हिशोब मांडला. आयुष्यभर ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. ज्यांनी साठीत सोडली त्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडली त्यांना सहा, चाळिशीत नऊ. आणि तिशीत सोडली त्यांना जवळजवळ सगळी दहा. हा हिशोब सिगारेटचा आहे, माव्याचा नाही. पण चघळणाऱ्यांवरही आपल्याकडे काम झालंय. केरळ, गुजरात आणि आंध्रमधल्या ३६ हजार तंबाखू घेणाऱ्यांच्या अभ्यासात, ज्यांना घरी जाऊन सोडण्यासाठी समजावलं त्यांच्यापैकी जास्त जणांनी सोडली किंवा कमी केली, आणि त्यांच्या तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाणही घटलं. हा निष्कर्ष १९८६ चा. नुसत्या बोलण्याने! म्हणजे मित्राला टोकणं अगदीच वाया जात नाही. फक्त टर उडवण्याऐवजी नीट बोलावं.

पुडीवरच्या भयानक फोटोखाली एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. हा सरकारी आणि मोफत आहे. पलीकडचा माणूस सोडायची तारीख ठरवायला आणि नंतर टिकून राहायला मदत करतो. जवळच्या डेंटल कॉलेजातही ही मदत मिळते.

व्हेपचं काय, असं ज्युनियर्स हमखास विचारतात. भारतात ई-सिगारेटची विक्री २०१९ पासूनच बेकायदेशीर आहे आणि आंब्याच्या चवीखाली बहुधा तेच निकोटीन असतं. विषय संपला.

दारू, चहा आणि अभ्यासिका

दारूबद्दल आपल्या वयात दोनच सूर ऐकू येतात, एक घरचा आणि एक पार्टीचा. विज्ञानाचं म्हणणं कोरडं आहे. दारू गट एकमध्ये १९८८ पासून आहे. शरीरात तिचं अॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. बिअर असो की वाइन, फरक पडत नाही, रसायन तेच. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि स्तन यांच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. 'थोडी चालते' याला जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट उत्तर दिलं की, तब्येतीला पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते जोडीचं गणित. दारू आणि तंबाखू एकत्र आली की तोंडा-घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आणि आपल्याकडे एक ग्लास आला की दुसऱ्या हातात सिगारेट येतेच.

चहाप्रेमींनी घाबरू नये, चहा निर्दोष आहे. फक्त ६५ अंश सेल्सिअसच्या वरचं कुठलंही पेय आयएआरसीने २०१६ मध्ये दोन-ए गटात टाकलं, कारण फार गरम पिण्याने अन्ननलिका पोळत राहते. अमृततुल्यवर वाफाळता कप हातात आला की दोन मिनिटं गप्पा मारा, मग प्या. इतकंच.

आता बसण्याविषयी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची मुलं सकाळी आठला खुर्चीत बसतात ती रात्री दहालाच उठतात. मध्ये वडापाव. जास्तीच्या वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी आहे, असं आयएआरसीने २०१६ मध्ये सांगितलं. त्यात मोठ्या आतड्याचा आहे, गर्भाशयाचा आहे, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा आहे. याचा अर्थ झिरो फिगर असा कृपया काढू नका. आपल्याकडे मुली आधीच कमी जेवतात. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल पुरेशी सुरुवात आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भराभर चाललं तरी झालं. जिमची फी भरायची गरज नाही. स्टेशनवरून कॉलेजला शेअर रिक्षा न करता चालत गेलं तरी बराचसा कोटा पूर्ण होतो, वर रिक्षाचे पैसेही वाचतात.

खाण्यात तर आपलं घरचं ताट बऱ्यापैकी पुढे आहे. तंतुमय पदार्थांमुळे आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, गाजर. कुठल्याही सुपरफूडच्या पाकिटाची किंमत बघा आणि एका भाकरीची. हॉस्टेलवाल्यांचं दुःख मला कळतं, मेसमध्ये भाकरी मिळत नाही. पण मोड आलेली मटकी रूमवर होते. त्याला वॉर्डनची परवानगीही लागत नाही.

पुण्यात बनते, पण आपण घेतो का?

कॅन्सर टाळणारी एक गोष्ट अशी आहे, जी रोज करावी लागत नाही. तीन वेळा दंडाला सुई टोचून घ्यायची, बस्स. तरी आमच्या वर्गातल्या मुलींपैकी फार थोड्यांनी ही लस घेतली होती. बऱ्याच जणींनी नावही ऐकलं नव्हतं.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर भारतातल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नव्या केसेस आणि जवळपास ८० हजार मृत्यू. जवळजवळ सगळ्या केसेसच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, फार सर्रास आढळतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यात पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. याचा कुणाच्या चारित्र्याशी काही संबंध नाही. हे वेगळं लिहावं लागतंय, कारण 'लग्नाआधी ही लस कशाला' हा प्रश्न मी स्वतः ऐकलाय. लग्नाआधीच! संबंध सुरू होण्याआधी घेतली तर ती सगळ्यात जास्त काम करते, म्हणून.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्वाव्हॅक' ही देशी लस आणली, तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन : पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. मुलग्यांनाही घेता येते. एचपीव्हीमुळे घशाचे आणि इतरही कॅन्सर होतात. म्हणजे हे वाचणारे बहुतेक जण अजून वयात बसतात. डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि घरात धाकटी बहीण असेल तर आधी तिचं बघा. तिला दोनच डोस लागतील.

आणि आई? तिच्यासाठी लस नाही, तपासणी आहे. यातला जगाने दखल घेतलेला एक मोठा अभ्यास आपल्याच मराठवाड्यात झालाय. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना सहभागी करून घेतलं गेलं. मुंबईचं टाटा मेमोरिअल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आयएआरसी त्यात होते. काही गावांत एचपीव्हीची चाचणी, काहींत इतर तपासण्या, काहींत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या, तर एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या बायकांमुळे जगाला हे कळलं, त्या शेतात राबणाऱ्या, आपल्या आत्या-मावश्यांसारख्या बायका होत्या.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाची, स्तनाची आणि तोंडाची तपासणी मोफत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारायचं. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावून मिनिटभर बघतात, दोष असला तर तिथला भाग पांढरा पडतो. दुखत नाही. आई पहिल्यांदा 'मला काही होत नाही' म्हणेल, दुसऱ्यांदा 'दिवाळी होऊ दे' म्हणेल. पाळी संपल्यानंतरची, कामाला सुट्टीची अशी एक तारीख बघून तिच्यासोबत तुम्हीच जा. केसपेपर काढायला रांग असते, सकाळी नऊच्या आत पोहोचलं तर बरं.